सांगलीत हजाराच्या आत बरी व्हाइट वाइन: काय घ्यावं, काय टाळावं?

घाटावरची

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पंधरा वर्षं पुण्यात काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीला परत आलो. मला आणि नवऱ्याला आठवड्यातून एक-दोनदा रात्रीच्या जेवणाबरोबर ग्लासभर व्हाइट वाइन आवडते. रेडचं आणि आमच्या घरच्या चटणीचं (पुणेकरांनो, इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला) कधी पटलं नाही, तोंडात भांडणच लागतं. व्हाइट मात्र पांढऱ्या रश्श्याबरोबर, अळूवडीबरोबर, अगदी भडंगाबरोबरसुद्धा चालते.

पण इथं आल्यापासून नशीब रुसलंय. पुण्यात जी बाटली डोळे मिटून उचलायचो, तीच इथं एकदा छान लागली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या दुकानातून आणली, तर ओतताना बिनदुधाच्या चहाचा रंग! वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, चव सपक आणि शेवटी कडसर. नाव तेच, द्राक्ष तेच, किंमतही तीच. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, वाइन जेवढी जुनी तेवढी चांगली." आता बोला.

तर जाणकारांनी सांगावं: हजाराच्या आत, चव असलेली, पाकासारखी गोड नाही आणि व्हिनेगरसारखी आंबटही नाही, अशी कुठली घ्यावी? सांगली-मिरजेत मिळणारीच सांगा. "वांद्र्याला एक दुकान आहे" वगैरे नको. आणि पिणं चांगलं की वाईट हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

भडंगवाला

पहिला! धागाकर्तीने शेवटची ओळ लिहून वादाला आमंत्रणच दिलंय. भडंग घेऊन बसलोय.

निवृत्त_मास्तर

आमच्या काळी व्हाइट वाइन म्हणजे नारायणगावच्या इंडाजची रिव्हिएरा, आणि ती प्यायली की आपण साहेब झालो असं वाटे. त्याआधी वाइन म्हणजे गोव्याहून येणाऱ्या पाहुण्याने पिशवीत गुंडाळून आणलेली गोड पोर्ट. आमच्या आईला ती "औषधाची" म्हणून चालायची, दोन चमचे. वाइन गोडच असते हा सांगलीचा समज त्या पिशवीतून आलेला आहे. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली खरी पोर्ट निराळी, तिच्यात आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाची ब्रँडी घालून ते थांबवतात, पण ते राहू दे.

सुचवणी: नाशिकच्या सुला कंपनीची सोव्हिन्याँ ब्लाँ (हे द्राक्षाचं नाव). २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली त्यात हीच होती. तेव्हापासून मी निष्ठावान आहे.

काउंटरमागचा

मी नऊ वर्षं एका वाइन शॉपच्या काउंटरमागे उभा होतो (गाव सांगत नाही, सांगली जिल्ह्यातलंच). आता दुसरा धंदा करतो म्हणून मोकळेपणी लिहितो.

ताई, तुमच्या दोन्ही बाटल्या एकाच कारखान्यातून चांगल्याच निघाल्या असणार. दुसरी दुकानात मेली.

आमच्याकडे 'वाइन शॉप' हे फक्त पाटीवर. गल्ल्यात पैसा येतो तो बिअर, व्हिस्की आणि रमचा. व्हाइट वाइनची बारा बाटल्यांची पेटी आली की दोन बाटल्या दर्शनी फळीवर, बाकीच्या माळ्यावर. दर्शनी फळी म्हणजे वर ट्यूबलाइट, समोरून दुपारचं ऊन. माळा म्हणजे वर पत्रा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, पत्र्याखाली किती होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. फ्रीजमध्ये जागा असते ती फक्त बिअरला, कारण गिऱ्हाईक "थंड आहे का" हे बिअरलाच विचारतं. अशी पेटी संपायला आमच्याकडे कधी कधी दीड वर्ष लागायचं.

आणि "जुनी तेवढी चांगली" हे मीसुद्धा हजार वेळा म्हटलंय. माफ करा. चांगल्या रेडच्या, त्यातही निवडक रेडच्या बाबतीत खरं असेल ते. हजाराच्या आतली व्हाइट वाइन दुधासारखी लगेच नासत नाही, पण लोणच्यासारखी मुरतही नाही. व्हिनेगरसारखी आंबली नाही म्हणून लोक नाव ठेवत नाहीत इतकंच. आतला पेरूचा, लिंबाच्या सालीचा जो वास असतो तो आधी जातो, मग रंग गडद होत जातो.

म्हणून मी आधी ब्रँड सांगणार नाही. आधी बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचा. आपल्याकडच्या बाटलीवर भरल्याची तारीख छापलेली असते. पुढच्या बाजूला साल असेल तर ते द्राक्ष तोडल्याचं. व्हाइट असेल तर भरून वर्ष व्हायच्या आतली उचला, फार तर दीड. दुकानदाराला म्हणा, "फळीवरची नको, पेटीतली काढा." तो कुरकुरेल. कुरकुरू द्या. बाटली उजेडासमोर धरा: फिक्की पिवळी, जरा हिरवट झाक असली तर बरं. सोनेरी-तपकिरी दिसली तर परत ठेवा. बूच असेल तर ते वर सरकलंय का, कडेला चिकट ओघळ आहे का, तेही बघा. तसं असेल तर बाटली तापलेली आहे. फिरकीचं झाकण असेल तर हा त्रास नाही. फिरकी म्हणजे हलकी वाइन हा गैरसमज आहे, व्हाइटला उलट तेच बरं.

आणखी एक आतली गोष्ट. ३१ डिसेंबरसाठी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताजा माल उतरतो. तेव्हा घ्या. मे महिन्यात मिळते ती त्यातलीच उरलेली, पत्रा सोसलेली.

घाटावरची

अगं बाई! आत्ता केराच्या डब्याजवळ ठेवलेली ती बाटली काढून बघितली. भरल्याची तारीख पावणेतीन वर्षांपूर्वीची. आणि मी कंपनीला शिव्या घालत होते.

भडंगवाला

काउंटरमागचा यांना दंडवत. वाचनखूण साठवली. नऊ वर्षांचं पापक्षालन एका प्रतिसादात.

बेदाणा_शेड

ताई, मी तासगाव तालुक्यातला बागायतदार. पितो कमी, पण वाइनचं द्राक्ष लावून हात भाजून घेतलेला माणूस हाय, म्हणून दोन शब्द.

२००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनवरचा उत्पादन शुल्काचा बोजा काढला. पलूसला कृष्णा खोऱ्याचं वाइन पार्क झालं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता बेदाणा-मार्केटच्या दराकडं डोळे लावून बसायला नको. मी एक एकर शेनिन (व्हाइट वाइनचं द्राक्ष) लावली, एका कंपनीशी करार करून. दोन वर्षं माल उचलला, तिसऱ्या वर्षी फोन उचलायचा बंद झाला. वाइनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? मणी एवढासा, आत बी, साल जाड. पोरंसुद्धा खाईनात. शेवटी त्याच खुंटावर सोनाका (बेदाण्याचं द्राक्ष) भरली. आता बेदाणा करतो, चार किलोचा एक किलो, हिशोब सरळ.

पण त्या दोन वर्षांत एक कळलं ते सांगतो. आपल्याकडं वेल झोपत नाही. थंड मुलखात हिवाळ्यात पानं गळून वेल निजतो, आपल्याकडं आपणच त्याला दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. माल येतो जानेवारी ते मार्चला, आणि तेव्हा ऊन वाढत असतंय. साखर भराभर चढती आणि आंबटपणा भराभर उतरतो. रात्र गरम झाली की आंबट जळून जातंय म्हणा ना. आंबटपणा गेला की वाइन सपक. कंपनीचा माणूस यायचा तो ब्रिक्स (रसातली साखर) मोजून सारखा म्हणायचा, "पाटील, उद्या पहाटे तोडा, दोन दिवस थांबू नका."

शेनिनचं बरं असतंय की ती उन्हातसुद्धा आंबटपणा धरून ठेवती. म्हणून आपल्या मुलखातली स्वस्त व्हाइट घ्यायची तर शेनिन. ह्यात कुणाची जाहिरात नाय, वेलीचा स्वभाव सांगतोय.

निवृत्त_मास्तर

बेदाणा_शेड, उत्तम प्रतिसाद. एक शंका. आपल्याकडे थॉमसन, माणिक चमन, तास-ए-गणेश ही खायची द्राक्षं एवढी पिकतात, मग त्यांचीच वाइन का करत नाहीत? तास-ए-गणेश तर तासगावचंच अपत्य.

बेदाणा_शेड

मास्तर, करता येती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात थॉमसनची, मोठमोठ्या बुधल्यांत भरून विकायची स्वस्त वाइन एके काळी भरपूर व्हायची. पण चव? आपण त्या घडाला जीएत (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायचं संजीवक) बुडवतो, मणी फुगवतो, साल पातळ करतो. खायला कुरकुरीत, वाइनला पाणी. वासाचा सगळा माल सालीत आणि सालीच्या लगत असतो. लहान मणी म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. आमचं उलटं.

हिशोबानं बघा: १८ ब्रिक्सचा रस आंबवला तर दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतंय, २२ चा असला तर बारा-साडेबारा. थॉमसन बावीसपर्यंत नेली तर आंबटपणा उरत नाय. मग ती बेदाण्यालाच बरी.

आणि घरी करायचा विचार कुणाच्या डोक्यात असंल तर परवान्याशिवाय करता येत नाय, १९४९ चा दारूबंदी कायदा हाय.

थेम्सकाठचा_मिरजकर

मिरज सोडून अठरा वर्षं झाली, पण धाग्याचं नाव बघून राहवलं नाही. मी लंडनजवळ राहतो. इथल्या रोजच्या स्वस्त व्हाइटबद्दल लिहितो. तुमच्या दुकानात ह्या मिळणार नाहीत हे माहीत आहे, तरी निवडायची रीत उपयोगी पडेल.

इथं सुपरमार्केटात गेलो की मी प्रसिद्ध नावांच्या फळीकडे जातच नाही. नाव प्रसिद्ध झालं की निम्मे पैसे नावाचे. सांसेर (लुआरकाठची नावाजलेली फ्रेंच व्हाइट) घ्यायला गेलो तर एका बाटलीत आमचं आठवड्याचं दूध-भाजी जातं. त्याऐवजी शेजारचं गाव धरायचं. फ्रान्सच्या नैऋत्येला गास्कोनी आहे, तिथं कोलंबार आणि उनी ब्लाँ ही द्राक्षं मुळात ब्रँडीसाठी लावलेली. त्याच द्राक्षांची साधी व्हाइट निघते, लिंबू-पपनसाच्या चवीची, लाकडी पिंपाचं सोंग नाही. दक्षिण किनाऱ्यावर पिकपूल नावाचं द्राक्ष आहे, नावाचा अर्थच 'ओठाला झोंबणारं' असा सांगतात. मासळीबरोबर झकास. लुआर नदीच्या तोंडाशी मस्कादे होते. ती तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवरच काही महिने ठेवतात, त्यामुळे तिला पावाच्या कणकेसारखा अंगचा वास येतो. पोर्तुगालच्या वायव्येची विन्यो व्हेर्दे, म्हणजे 'हिरवी वाइन'. हिरवी रंगाने नव्हे, कोवळी म्हणून. अल्कोहोल कमी, जिभेवर किंचित बुडबुडे. उन्हाळ्यात ह्यापलीकडे काही लागत नाही.

आणि मुख्य म्हणजे शेनाँ (तुमची शेनिन). मूळ गाव लुआर, पण आज तिची लागवड फ्रान्सपेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त आहे. तिथले लोक तिला स्टीन म्हणत. चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या वेली, पाण्याविना वाढलेल्या, आणि तरी भाव पोटभर जेवणाएवढा. बेदाणा_शेड पाटलांनी वेलीचा स्वभाव म्हणून जे लिहिलं तेच तिथंही: ऊन सोसते, आंबटपणा सोडत नाही.

ह्या सगळ्यांत सारखं काय आहे बघा. ताजी प्यायची, स्टीलच्या टाकीत थंड आंबवलेली, लाकूड न लावलेली. स्वस्त वाइनला लाकूड लावलं की बऱ्याचदा त्यात ओकच्या चिपा टाकलेल्या असतात, आणि त्याचा वास रंधा मारलेल्या फळीसारखा येतो. म्हणून हजाराच्या आतल्या शार्दोनेपासून (ह्या व्हाइटला बऱ्याचदा लाकूड लावतात) मी लांब. ज्यांना लोण्याचा वास आवडतो त्यांनी रागावू नये.

भडंगवाला

मिरजकर, आमच्या दुकानात "शेनाँ ब्लाँ" म्हटलं तर "शनवारी बंद" असं उत्तर येईल. शेनिन ब्लँक म्हणा, शेनिन ब्लँक.

बाय द वे परदेशी बाटली इकडे एवढी महाग का? मित्राने मुंबईहून आणली, पंधराशेला. चव बघितली तर आपली बरी.

काउंटरमागचा

आयात शुल्कच दीडशे टक्के होतं, त्यावर राज्याचे कर. परदेशात पाच-सहा डॉलरची साधी बाटली इथं येईस्तोवर तीनपट होते. ऑस्ट्रेलियाशी करार झाला त्यात २०२२ च्या डिसेंबर अखेरीपासून पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवर शंभर टक्क्यांवर आणि पंधराच्या वरच्यावर पंचाहत्तरवर आणलं. पाच डॉलरच्या खालच्याला त्यात काही सवलत दिली नाही. म्हणजे 'रोजच्या' परदेशी वाइनला त्याचा काडीचा फायदा झाला नाही.

उलट महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या, महाराष्ट्रात केलेल्या वाइनला इथं करात सवलत मिळत आली. त्यामुळे हजाराच्या आत नाशिक किंवा अकलूजचीच बाटली घ्यावी. त्या पैशात आलेली परदेशी बाटली म्हणजे तिकडच्या फळीवरची सगळ्यात खालची, आणि बोटीतून उन्हात आलेली.

डॉ_हळद

धागाकर्तीने बजावलंय तरी एवढंच लिहून गप्प बसतो. १५० मिलीचा एक ग्लास, १२ टक्क्यांची वाइन: १८ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. एका बाटलीत असे पाच ग्लास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलंय की अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असं नाही. "वाइन हृदयाला चांगली" हे ऐकून सुरू केलं असेल तर त्या कारणासाठी करू नका. आवडते म्हणून, कमी, आणि गाडी न चालवता. 'रोजची' ह्या शब्दावर माझा आक्षेप नोंदवून ठेवतो.

घाटावरची

डॉक्टर, आक्षेप मान्य. शीर्षकात 'रोजची' नाहीच मुळी. आम्हा दोघांची एक बाटली तीन बैठकींत संपते.

पण मग एक विचारते. उघडलेली बाटली टिकते किती? आणि ते सल्फाइट का काय असतं त्याने माझ्या जावेचं डोकं दुखतं म्हणे.

बेदाणा_शेड

सल्फाइटवर मी बोलतो, तो माझा प्रांत. पिवळाधमक बेदाणा आवडतो ना सगळ्यांना? शेडात गंधकाची धुरी दिल्याशिवाय तो रंग येत नाय. युरोपात कोरड्या व्हाइट वाइनला लिटरमागं २०० मिलिग्रॅमची मर्यादा हाय. सोनेरी बेदाण्यात किलोमागं त्याच्या कितीतरी पट असतंय. जाऊबाई शिऱ्यात मूठभर पिवळा बेदाणा खातात आणि डोकं दुखत नसंल, तर वाइनमधल्या गंधकाला दोष देऊ नका. दमेकऱ्यांनी मात्र दोन्ही जपून.

डॉ_हळद

सहमत. डोकेदुखीचं पहिलं कारण अल्कोहोल आणि कमी पाणी. एका ग्लासाला एक तांब्या पाणी.

काउंटरमागचा

उघडलेली व्हाइट झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. पहिल्या दिवशीचा वास तिसऱ्या दिवशी नसतो, पण जेवणाबरोबर चालते. त्यापेक्षा ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर ती घ्या. दोघांना एका बैठकीला पुरते. मिलीमागे जरा महाग पडते, पण ओतून देण्यापेक्षा स्वस्त. पाचव्या दिवशी उरली असेल तर कोलंबीत घाला.

थंड किती? आठ ते बारा अंश. घरचा फ्रीज चार-पाचवर असतो, म्हणून बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटांनी ओता. फार गार असली की काही चव लागत नाही. (दुकानदार खराब बाटली बर्फगार करून का देतो ते आता कळलं असेल.) घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ, त्यात बाटली पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी पाहिजे.

आणि बघा, पुण्यासारखे ग्लास नसतील तर साधा काचेचा ग्लास निम्मा भरा. स्टीलच्या पेल्यात नको. वास येत नाही, आणि सासरे ताक समजून पितात. घडलेलं आहे.

निवृत्त_मास्तर

मी निष्ठावान सोव्हिन्याँवाला असल्यामुळे शेनिनपंथीयांना विचारतो, तिच्यात वास कुठे असतो? सोव्हिन्याँत पहिल्याच घोटाला पेरू, ओलं गवत, कधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास. ओळखीचा, रोखठोक.

थेम्सकाठचा_मिरजकर

मास्तर, तुमचंही खरं. ढोबळी मिरची आणि सोव्हिन्याँचा वास हे दोन्ही पायरॅझिन नावाच्या एकाच कुळातल्या द्रव्यांचे. द्राक्ष जरा कोवळं तोडलं की तो वास वाढतो. पेरू आणि पॅशनफ्रूटचा वास दुसऱ्या कुळाचा, गंधकयुक्त थायॉलचा, तो यीस्ट मोकळा करतं. हा वास नाजूक असतो. उन्हात तापलेल्या बाटलीतून सगळ्यात आधी तोच पळतो. म्हणूनच शिळी सोव्हिन्याँ शिळ्या शेनिनपेक्षा वाईट लागते.

शेनिनला सफरचंद, नासपती, जरा मध. बोलकी नाही, पण जेवणाशी जुळवून घेते. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते, आणि तिखटाबरोबर तीच कामाला येते. अल्कोहोल तिखट भडकवतं, थोडी गोडी ते शमवते. चटणीचं कालवण असेल तर शेनिन. अळूवडी, कोथिंबीर वडी, तळलेला मासा असेल तर मास्तरांची सोव्हिन्याँ, वर लिंबू पिळल्यासारखी.

भडंगवाला

आणि हुरड्याबरोबर? येत्या जानेवारीला आमच्या मळ्यावर आहे. लसणाची चटणी, दही, गूळ.

बेदाणा_शेड

हुरड्याबरोबर शेनिनच. मागच्या वर्षी करून बघितलंय. कोवळ्या ज्वारीची गोडी आणि तिची गोडी एका जातीची. फक्त बाटली विहिरीत दोरी बांधून सोडायची, फ्रीज कुठला मळ्यात. दोरी नीट बांधा. आमची एक अजून तळाशी हाय.

काउंटरमागचा

तर ब्रँड, कारण ताईंनी विचारलंय आणि सगळे टाळतायत. माझ्या हिशोबाने: सुला आणि फ्रातेल्ली, दोन्हींची शेनिन आणि दोन्हींची सोव्हिन्याँ. चारही सांगली-मिरजेत मिळतात. फ्रातेल्ली अकलूजजवळ मोतेवाडीची. नावाचा अर्थ इटालियनमध्ये 'भाऊ', तीन घरांतले भाऊ, त्यातलं एक घर अकलूजच्या मोहिते-पाटलांचं. वाइनरी बघता येते. इथून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल, आणि तिथली बाटली पत्रा सोसलेली नसते. व्हियोनिये नावाच्या द्राक्षाची एक असते, जर्दाळूच्या वासाची, पांढऱ्या रश्श्याला सगळ्यात भारी, पण ती बहुतेक हजाराच्या वर जाते. लग्नाच्या वाढदिवसाला घ्या.

एकदम स्वस्त, साध्या 'व्हाइट' नावाच्या, द्राक्षाचं नाव नसलेल्या बाटल्या असतात त्याही वाईट नसतात. सोडा आणि लिंबू घालून प्यायला ठीक. नुसती नको.

पण पुन्हा सांगतो, सहा महिन्यांची साधी बाटली दोन वर्षांच्या भारी बाटलीपेक्षा चांगली.

निवृत्त_मास्तर

सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने घेतला होता. केवढा गदारोळ झाला, प्रत्यक्षात काही आलं नाही. विरोधाच्या बाजूने मीही तेव्हा तावातावाने बोललो होतो. आता वाटतं, निदान वातानुकूलित फळीवर तरी राहिली असती.

डॉ_हळद

मास्तर, मी विरोधातच आहे अजून. पण तापमानाचा मुद्दा बरोबर.

घाटावरची

अपडेट. काल शनिवार. मिरज रोडच्या एका दुकानात गेले, फळीवरची नको म्हटलं. पोरगा वैतागला, "ताई, सगळ्या सारख्याच असतात." म्हटलं, असू देत, पेटी काढ. आतून निघालेली शेनिन, भरून पाच महिने झालेली, फिरकीचं झाकण, रंग पाण्यासारखा. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी विचारलं, "तारीख बघायची असती व्हय?" मग त्यांनीही त्यांच्या रमची बाटली उलटी करून बघितली.

घरी पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी. बाटली फ्रीजमधून काढून सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं ठेवली. ओतल्यावर पहिल्यांदा नासपती, मग थोडा मध, मग जिभेच्या कडेला आंबट. पुण्यातलीच ती, ओळख पटली. नवरा म्हणाला, दुसरी बाटली सोव्हिन्याँ घे, मास्तरांना बरं वाटेल. तीही आणली, तीन महिन्यांची. आज दुपारी कोथिंबीर वडीबरोबर उघडली.

आमच्या सासूबाई माळकरी. थेंबाला शिवत नाहीत, पण त्यांना नाक आहे. ताट वाढताना ग्लासाजवळून गेल्या आणि थांबल्या. "पेरू कुणी आणलेत गं? चांगले पिकलेत."

निवृत्त_मास्तर

सासूबाईंना आयडी काढून द्या.